पाणी प्या, जीभ दाखवा

डॉ. नलिनी चुरी यांच्या लॅबमध्ये पाऊल ठेवणाऱ्या माणसाच्या हाती सर्वांत आधी पाण्याचे फुलपात्र दिले जाई. उन्हातून आलेल्याला पाणी विचारणे ही आपल्याकडची रीतच असल्याने कोणाला त्यात वावगे वाटत नसे. येणारा कृतज्ञतेने फुलपात्र तोंडाला लावी आणि नेमक्या त्याच क्षणी टेबलापलीकडची ठेंगणी, पांढऱ्या केसांची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई पुढे झुकून त्याच्या गळ्याकडे अशी रोखून पाही, की निम्म्या लोकांना ठसका लागे.

"थांबू नका, गिळा. हां. आता जीभ बाहेर काढा. आणखी. लाजता काय? डॉक्टरला नाही दाखवायची तर जीभ दाखवायची कोणाला?"

मी २०१४ मध्ये त्यांच्याकडे प्रथम गेलो तो नोकरी मागण्यासाठी. पत्नीची बँकेतून डहाणूला बदली झाली होती. सरकारी दवाखान्यांत बरीच वर्षे काढल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर मी पॅथॉलॉजीचे शिक्षण घेतले होते आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान सहाध्यायांच्या शेजारी बसून बसून माझा मुळातला संकोच अधिकच वाढला होता. मुलाखतीत काय बोलायचे याची मनाशी बरीच तयारी करून मी गेलो होतो. बाईंनी फुलपात्र पुढे केले. मी प्यायलो. जीभ काढायला सांगितली. मी काढली.

"थायरॉइड ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सांगितलं ते मुकाट्याने करता, तेही ठीक आहे. उद्यापासून या."

तेव्हापासून पुढची पाच वर्षे मी त्यांच्यासाठी 'नवे डॉक्टर' होतो. माझ्यानंतर एक अगदी तरुण मुलगी काही महिने शिकायला आली, तिला बाई तिच्या नावाने हाक मारीत. नवा मात्र मीच राहिलो.

पाण्याचे आणि जिभेचे प्रयोजन वैद्यकाच्या पहिल्या पाठांपैकी आहे. थायरॉइड ही ग्रंथी श्वासनलिकेला बिलगलेली असते, म्हणून घोट गिळताना तिच्यावरची गाठ वर सरकते. गळ्याच्या मध्यावर असणारी आणखी एक जन्मजात गाठ जिभेच्या मुळाशी धाग्याने बांधल्यासारखी असते. ती जीभ बाहेर काढली की वर उचलली जाते. हे प्रत्येक डॉक्टर शिकतो आणि बहुतेक पॅथॉलॉजिस्ट विसरतात, कारण आमच्याकडे माणूस येतच नाही. त्याचा एखादा तुकडा बाटलीतून येतो किंवा काचेवर पसरलेला थेंब येतो. बाईंना ही व्यवस्था मान्य नव्हती. "गळा न बघता स्लाइड बघणं म्हणजे गाव न बघता तिथल्या मुलीला नकार कळवणं," असे त्या म्हणत. गळ्याची गाठ असलेला प्रत्येक रुग्ण आधी प्रत्यक्ष आला पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. सायवनहून, तलासरीहून, खेड्यापाड्यांतून माणसे येत, बाकावर बसत आणि एकामागून एक जीभ काढीत. खिडकीबाहेरून जाणाऱ्या नवख्या माणसाला हा काय प्रकार चालला आहे, असा प्रश्न पडत असला पाहिजे.

तलासरीकडचे एक हवालदार मला विशेष आठवतात. गळ्याच्या ऐन मध्यावर सुपारीएवढी गाठ. कोणीतरी ती थायरॉइडची ठरवून काढून टाकायला सांगितली होती. गृहस्थ गणवेशात आले, पाणी प्यायले, पण जीभ काढण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला.

"मॅडम, अंगावर वर्दी आहे."

"मग वर्दीचा अपमान नको," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "टोपी काढून इथे टेबलावर ठेवा. आता तुम्ही ड्युटीवर नाही. काढा."

हवालदारांनी टोपी काढली, बाकावरच्या बायकांकडे पाठ केली आणि जीभ काढली. गाठ टुणकन वर गेली. बाईंचा चेहरा असा फुलला, जणू ती त्यांनीच तिथे ठेवली होती. "बघा, बघा नवे डॉक्टर! जिभेला बांधलेली आहे." मग हवालदारांना म्हणाल्या, "पण आधी सोनोग्राफी करून या. कधी कधी माणसाची सगळी थायरॉइड त्या एका गाठीतच असते. ती कापून टाकली तर जन्मभर गोळ्या. खरी थायरॉइड आपल्या जागी आहे की नाही ते बघू, मग ठरवू." ती जागेवर होती. ऑपरेशन झाल्यावर हवालदार पेढे घेऊन आले आणि दारातच, कोणी न सांगता, टोपी काढून उभे राहिले.

अवघड स्लाइड आली की बाई गुणगुणू लागत. सूर कोणत्या गाण्याचा असे, ते मला कधीच कळले नाही. बहुधा कोणत्याच नाही. सोप्या स्लाइडवर त्या गप्पा मारीत. आणि निदान वाईट असेल तर गुणगुणणे थांबे, चष्मा उतरे आणि पदराच्या टोकाने त्या काचा पुसू लागत. पुष्कळ वेळ पुसत. आमचा टेक्निशियन वांगड याला शेजारच्या खोलीतून, रिपोर्ट न वाचता, नुसत्या शांततेवरून निदान कळे.

आणि या सगळ्याहून प्रसिद्ध होते ते त्यांचे एक वाक्य : सांगता येत नाही. त्या ते इतक्या मोकळेपणाने आणि इतक्या ठाम आवाजात उच्चारीत, की ऐकणाऱ्याला तेच निदान वाटावे. चारोटीजवळच्या एका रुग्णालयातले सर्जन डॉ. मेहुल शहा यांचा त्यावर फार राग होता. ते मूळचे वापीचे. चिडले की गुजरातीत शिरत आणि फोन स्पीकरवर असल्याने सगळी लॅब ऐकत असे.

"नलिनीबेन, पेशंट समोर बसला आहे. कॅन्सर छे के नथी?"

"सांगता येत नाही."

"अरे, पण सुई घातली, पेशी काढल्या, तुम्ही बघितल्या ने?"

"बघितल्या. सुंदर आहेत."

"सुंदर! हा के ना, एक बोलो ने!"

"शहा, घरी चिकू आहे? त्यात टाचणी खुपसा. टोकाला लागलेला गर चाखा आणि साल कुठे फाटली आहे ते मला सांगा."

 मग डॉ. शहा हसत. ते नेहमी शेवटी हसत, म्हणूनच त्यांचे हे भांडण इतकी वर्षे टिकले.

चिकूचा हा दृष्टान्त त्यांच्याजवळ अक्षरशः हाताशी असे. पांढऱ्या कोटाच्या खिशात एखादा पिकलेला चिकू असायचाच. थायरॉइडच्या काही गाठी अशा असतात, की त्यांच्या पेशी साध्या गाठीत आणि कॅन्सरमध्ये सारख्याच दिसतात. भेद असतो तो गाठीभोवतीच्या पातळ आवरणात. पेशी आवरणाच्या आत राहिल्या असतील तर गाठ साधी. आवरण फोडून बाहेर पडल्या असतील तर कॅन्सर. सुईने आतला गर मिळतो, आवरण मिळत नाही. त्यासाठी गाठ काढून तिच्या सगळ्या कडा पाहाव्या लागतात. "काही चोर तोंडावरून ओळखता येतात," बाई म्हणत. "पण या गाठींत तोंड बघून उपयोग नाही. कुंपण बघा. गाय कितीही गरीब दिसो, कुंपण मोडलंय का ते बघा."

वरोरच्या मथुरा तांडेलची गाठ नेमकी या जातीची निघाली.

मथुरा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारी. होड्या लागल्या की वाळूवर टोपल्या मांडल्या जात आणि तिचा आवाज उठे. तो गोड नव्हता, पण वारा आणि लाटा यांच्या वरून तो सुरूच्या झाडांपर्यंत पोहोचे आणि रस्त्यावर थांबलेल्या व्यापाऱ्यांना गाडीत बसल्या बसल्या भाव कळे. त्या आवाजावर तिचे घर उभे होते. बाई दर रविवारी वरोरला जाऊन तिच्याकडून बोंबील घेत. २०१८ च्या अखेरीस मथुरा आपला मुलगा दिनेश याच्याबरोबर लॅबमध्ये आली आणि तिने गळ्यावरचा पदर बाजूला केला, तेव्हा बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"ही कधीपासून आहे?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"आणि मी दर रविवारी तुझ्यासमोर उभी राहून काय बघत होते?"

"बोंबील," मथुरा म्हणाली.

कोण्या शहरातल्या लॅबने सुईची तपासणी करून सरळ 'कॅन्सर' लिहून दिले होते. पूर्ण थायरॉइड काढा, असा सल्लाही मिळाला होता. आवाजाची नस त्या ग्रंथीच्या मागून जाते आणि तिला धक्का लागण्याची थोडी जोखीम असते, हे दिनेशने कुठूनतरी ऐकले होते आणि आईला सांगून टाकले होते. मथुरेला कॅन्सरची भीती वाटत नव्हती असे नाही. पण ती दुसऱ्या क्रमांकाची; पहिली आवाज जाण्याची.

"बाय, गाठ काड नायतर ठेव. पन आवाज नको नेऊ. म्हावरा काय हात हालवून इकू?"

बाईंनी फुलपात्र दिले. मथुरा प्यायली, गाठ वर सरकली. जीभ काढायला सांगितल्यावर तिने ती अशी भरघोस काढली, की दिनेशने मान फिरवली. बाई नेहमीपेक्षा बराच वेळ गळा पाहत राहिल्या. मग शहरातून आणलेल्या स्लाइड त्यांनी मायक्रोस्कोपखाली घेतल्या, गुणगुणत पाहिल्या आणि म्हणाल्या, "सांगता येत नाही."

दिनेश उसळला. "मॅडम, त्यांनी लिहून दिलंय ना! तुमाला कसं नाय सांगता येत?"

"त्यांनाही येत नाही, दिनेश. त्यांनी लिहिलं, एवढंच."

डॉ. शहांशी त्या दिवशी भांडण झाले नाही. फक्त गाठीची बाजू काढायची, अर्धी ग्रंथी. दुसरी बाजू आणि तिकडची नस यांना हात लावायचा नाही. आवरण अखंड ठेवायचे आणि वरच्या टोकाला एक टाका घालून पाठवायचे, म्हणजे कोणती बाजू कुठली ते कळेल, असे ठरले. कॅन्सर निघालाच, तर दुसरे ऑपरेशन. हेही मथुरेला समजावून सांगितले. "म्हंजे अर्धा आवाज तरी ऱ्हाईल," ती म्हणाली आणि तयार झाली.

ऑपरेशन सुरळीत पार पडले, पण शुद्धीवर आल्यावर मथुरेच्या तोंडून कुजबुजीपलीकडे काही निघेना. नस शाबूत आहे, सूज उतरली की आवाज येईल, असे डॉ. शहा सांगत होते. तरी त्यांच्या फोनवरच्या स्वरात गुजराती अजिबात नव्हते, त्यावरून तेही काळजीत होते हे आम्हाला उमगले.

इकडे बाईंनी गाठीच्या फोडी केल्या आणि सगळ्याच्या सगळ्या कडा तपासणीला घातल्या. वांगड कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, एका गाठीच्या एवढ्या स्लाइडी?"

"राखण करायची तर कुंपणाला पूर्ण फेरी मारायची, वांगड. अर्ध्यातून परत येणाऱ्याला कोणी राखणदार म्हणत नाही."

फेरी बाईंनी आणि मी वाटून घेतली. त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली होती. अधूनमधून धक्का बसे, कपाटातल्या बाटल्या किणकिणत आणि मायक्रोस्कोपखालच्या पेशी एकदम थरथरत. आवरण जागोजाग अखंड दिसत होते आणि मी मनातल्या मनात सुखावत चाललो होतो. तोच एका स्लाइडवर ते तुटलेले दिसले. कुंपणाला खिंडार आणि खिंडारात पेशींचा पुंजका. मी एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. बोलण्याचे धैर्य न होऊन खुर्ची तेवढी बाजूला सरकवली.

बाई येऊन बसल्या. गुणगुणणे थांबले. शेजारच्या खोलीत वांगडच्या हातातले काम थांबल्याचेही मला जाणवले. त्याच वेळी टेबल हलले. बाईंनी डोळा न काढता दोन्ही हातांनी मायक्रोस्कोप धरला आणि जमिनीला उद्देशून म्हणाल्या, "थांब गं बाई जरा, बघू दे."

मग त्यांनी चष्मा उतरवला.

मी पदराच्या टोकाकडे पाहत होतो. ते टोक हलले नाही. चष्मा हातात तसाच धरून त्यांनी विचारले, "नवे डॉक्टर, तिच्या गळ्यावर निळसर डाग होता तो कुठे?"

मला आठवेना.

"उजवीकडे, पुढच्या अंगाला, गाठीच्या खालच्या निम्म्यात. पाणी पाजलं तेव्हा गाठीबरोबर वर सरकला नाही, म्हणून मी कातडीवर नीट पाहिलं. सुईचे टोचे होते. आता शहांनी घातलेला टाका वर धरा आणि सांगा, ही फोड कुठली?"

उजवीकडची, पुढच्या अंगाची, खालच्या निम्म्यातली. मी पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये पाहिले. खिंडाराच्या कडेने गंजाच्या रंगाचे कण पसरले होते, म्हणजे जुन्या रक्तस्रावाची खूण; भोवती भरून येणाऱ्या जखमेचा वण होता. गाठ कुंपण फोडते तेव्हा पलीकडे ऐसपैस पसरते. ही वाट सरळ होती, सुई जाते तशी.

"कुंपण मोडलंय, पण गायीने नाही," बाई म्हणाल्या. "गाय आत आहे का ते बघायला गेलेल्या आपल्यासारख्यांनीच."

वांगडच्या खोलीतून भांडी आदळल्याचा आनंदी आवाज आला. बाईंनी मात्र हात वर केला.

"थांबा. मथुरा माझी मासळीवाली आहे. ती बरी निघावी असं मला वाटतं, म्हणून माझ्या डोळ्यांवर सध्या माझा भरवसा नाही." त्याच तुकड्याचे आणखी खोल काप घेतले गेले. सर्व स्लाइड आणि सर्व हकीकत, फक्त स्वतःचे मत वगळून, मुंबईतल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीकडे गेली. तोवर दिनेशचा फोन आला की त्या सांगत, "सांगता येत नाही," आणि फोन ठेवल्यावर कोटाच्या खिशातला चिकू काढून, न खाता, तसाच परत ठेवीत.

खोल कापांत ती सरळ वाट सरळच राहिली. मुंबईहून उत्तर आले : गाठ साधी, खिंडार सुईचे. त्यावर बाईंनी चिकू काढला, दोन फोडी केल्या, मोठी मला दिली आणि म्हणाल्या, "स्कूटरवर मागे बसता येतं ना?"

बाईंच्या स्कूटरवर मागे बसून वरोरपर्यंत जाणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुन्हा तसे धाडस मी केले नाही. मथुरा ओट्यावर जाळे विणीत बसली होती. भूकंपाच्या भीतीने घरातली खाटसुद्धा अंगणात आणलेली होती. बाई उतरायच्या आधीच ओरडल्या, "साधी आहे गं! गाठ साधी आहे!"

मथुरेने काहीतरी मोठ्याने बोलण्यासाठी तोंड उघडले. त्यातून दाराच्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला. ती थबकली. आम्ही थबकलो. गेल्या कित्येक दिवसांतला कुजबुजीच्या वरचा तो पहिला आवाज होता. मग तिने तो पुन्हा काढून पाहिला, मुद्दाम, आणि दिनेशसकट सगळे अंगण हसू लागले. "हळू, अगं, हळू," बाई म्हणत होत्या आणि पदराने चष्मा पुसत होत्या. निदान चांगले असताना त्यांना काचा पुसताना मी तेवढे एकदाच पाहिले.

आवाज परतला, पण लगेच नाही. होळीच्या सुमारास तो सुरूच्या झाडांपर्यंत पोहोचू लागला, असे दिनेशने अभिमानाने कळवले. बाईंनी मात्र रविवारचे बोंबील स्वतःला तसे सुखासुखी मिळू दिले नाहीत. त्या किनाऱ्यावर स्टूल टाकून बसू लागल्या आणि एकेका कोळणीला पाणी पाजून जीभ काढायला लावू लागल्या. "इतकी वर्षं मासे बघितले, आता गळे बघते." सुरुवातीला बायका हसत, एकमेकींना ढकलत. पुढे ती सवय झाली. बाईंची स्कूटर वळणावर दिसली, की टोपल्यांमागच्या बायका ओळीने जिभा बाहेर काढीत. तो त्यांचा नमस्कार झाला.

२०१९ च्या शेवटी बाईंनी लॅब माझ्या स्वाधीन केली आणि नाशिकला मुलीकडे राहायला जायचे ठरवले. निघण्याआधीच्या रविवारी मी त्यांना वरोरला सोडायला गेलो. या वेळी माझ्या गाडीतून. नुकत्याच होड्या लागल्या होत्या. मथुरेचा लिलाव ऐन रंगात होता; भाव चढत होता आणि त्याबरोबर तिचा आवाज. बाई वाळूत उभ्या राहिल्या, डोळे मिटून, मान किंचित कलती करून. त्या गुणगुणत होत्या.

मथुरेने त्यांना पाहिले आणि लिलाव मध्येच थांबवला. व्यापारी कुरकुरले, तिकडे तिने लक्ष दिले नाही. कमरेची पाण्याची बाटली काढून ती बाईंसमोर आली.

"पी."

"अगं, मला कशाला..."

"पी म्हनते ना. थांबू नको. गीळ. हां. आता जीभ काड. आनखी. लाजतं काय?"

डॉ. नलिनी चुरी यांनी, व्यापारी, कोळणी आणि किनारा पाहायला आलेले दोन अनोळखी पाहुणे यांच्यासमोर, जीभ बाहेर काढली. मथुरेने पुढे झुकून त्यांचा गळा डाव्या बाजूने पाहिला, उजव्या बाजूने पाहिला. सगळा किनारा वाट पाहत होता.

"काय गं? ठीक आहे का?" बाईंनी विचारले.

मथुरेने मान हलवली आणि सुरूच्या झाडांपलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निदान दिले :

"सांगता येत नाय! पुडच्या रविवारी परत यावं लागंल."